पट्टी बारा महिन्यांची, पाणी चाळीस दिवस: एका अहिराणी रॅपचं प्रकरण

माझं दुकान नगरपालिकेच्या समोर आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅन कार्ड, लग्नाच्या पत्रिका पण. गावाचं नाव मी मुद्दाम लिहित नाही, तापीच्या अलीकडचं तालुक्याचं गाव समजा, आणि पोरांची नावं पण नाही लिहिणार कारण त्यांना अजून इथंच राहायचंय. पण तीन पोरांनी गावच्या नळाच्या पाण्यावर अहिराणीत रॅप केला, ते प्रकरण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत काउंटरच्या मागून बघितलं, कोण कधी कोणता फॉर्म भरायला आलं ते माझ्या डोळ्यासमोर झालं, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहून काढू. रॅपनं क्रांती झाली असं एक बाजू म्हणते आणि पोरांचा टाइमपास होता असं दुसरी म्हणते, आणि मला दोन्ही पटत नाही.

आधी पाण्याचं समजून घ्या, नाहीतर गाणं कळायचं नाही.

आमच्याकडे नदीतल्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, पाणी उचलतात, फिल्टरला जातं, तिथून दोन मोठ्या टाक्यांत. टाकी भरली की वॉलमन चावी फिरवतो आणि एका भागाला पाणी सुटतं. सगळ्या गावाला एकदम सोडलं तर प्रेशरच राहत नाही, म्हणून गावाचे १८ भाग पाडलेत आणि दिवसाला दोन भाग. आता १८ भागिले २, म्हणजे नवव्या दिवशी पाळी. मध्ये लाइट गेली, पंप जळाला, पाइप फुटला की दहावा, अकरावा. पाणी येतं ते पण तासभर, आणि ज्याच्याकडे मोटर तो ओढून घेतो, शेवटच्या घराला नळातून फक्त हवा. टिपाडं, हांडे, सिंटेक्स, जुन्या तेलाचे डबे, जे काय भरता येईल ते भरायचं आणि नऊ दिवस पुरवायचं. गंमत म्हणजे हे पावसाळ्यात पण असंच. उन्हाळ्यात पाणी नाही हे समजू शकतो, पण नदी दुथडी भरून वाहतेय आणि नळ कोरडा, हे लहान पोराला पण समजावून सांगता येत नाही.

आणि तक्रार करायची कोणाकडे? नगरपालिकेची मुदत संपून प्रशासक बसलेले. ओबीसी आरक्षणाच्या केसमुळे राज्यभरातल्या पालिकांच्या निवडणुका लटकल्या होत्या, सुप्रीम कोर्टानं ६ मे २०२५ ला आदेश दिला तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली. तोपर्यंत वॉर्डात नगरसेवकच नाही. माजी नगरसेवकाकडे गेलं की तो म्हणायचा मी माजी आहे भाऊ, आणि साहेबाकडे गेलं की साहेब मीटिंगला. पूर्वी निदान एखाद्याच्या दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या, तेवढी पण सोय राहिली नव्हती.

तीन पोरं. एकाचा बाप जिनिंगमध्ये हमाल, एक मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला, आणि तिसरा बारावीचा, सगळ्यात लहान, गाणी लिहिणारा तो. मोबाइलवाल्याच्या खोलीत गादी भिंतीला लावून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केलेली. आधीची त्यांची गाणी मी ऐकलीयेत, खरं सांगतो, कानाला बोट लावावं अशी. मी किती डेंजर, माझी बाइक, माझे दुश्मन. बारावीच्या पोराला दुश्मन कुठले, त्याला केमिस्ट्री सोडून कोणी दुश्मन नव्हतं. आणि भाषा मुंबईची, 'अपुन', 'बंटाय' वगैरे, जी आमच्या गावात कोणी बोलत नाही.

मी त्यांना हसायचो पण पुढे वाचत गेलो तसं कळलं की सगळीकडे सुरुवात अशीच झालीय. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कनं जी पार्टी लावली, जिथून हे सगळं सुरू झालं म्हणतात, ती त्याच्या बहिणीच्या शाळेच्या कपड्यांना पैसे पाहिजेत म्हणून, त्यात राजकारण काही नव्हतं. मोडकी वस्ती, जळालेल्या बिल्डिंगी, हे सगळं आजूबाजूला होतंच पण ते गाण्यात ठळकपणे यायला १९८२ उजाडलं, ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ग्रुपनं 'द मेसेज' काढलं तेव्हा. म्हणजे नऊ वर्षं. आमच्या पोरांना दीड वर्ष लागलं, म्हणजे फास्टच म्हणायचं.

कानबाईच्या दिवशी काय झालं

नागपंचमीनंतरचा रविवार, ३ ऑगस्ट २०२५. खान्देशातल्याला कानबाई काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी एवढंच की हा देवीचा सण, त्या दिवशी भाऊबंदकी सगळी एका घरात जमते, पुण्या-सुरतेला गेलेले पण येतात, घर धुऊन पुसून, रोट करायचे, रात्रभर जागरण, आणि सोमवारी विसर्जन. म्हणजे पाणी लागणार किती विचार करा. बारावीवाल्याच्या घरी कानबाई बसते. त्यांच्या भागाची पाळी शनिवारी होती ती चुकली, पंप बंद. घरात तीसेक माणूस. त्याची आजी ओसरीवर बसून जे बोलली ते त्यानं मला दोन दिवसांनी सांगितलं: "दुन्यानं पानी वाही जास नदीमा, आन मन्हा घरमा पाव्हनासले तांब्याभर पानी नई शे."

पोरगं म्हणे, काका, ते ऐकलं आणि बीट डोक्यात वाजायला लागला. मी म्हणलं बरोबर आहे, तुझ्या आजीचं ते वाक्य तुझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा भारी आहे.

पण पहिला ड्राफ्ट त्यानं जो आणला तो परत तसाच. सिस्टिम सडलीय, नेते चोर, जनता झोपलीय. हे कोण म्हणत नाही? पानटपरीवर रोज म्हणतात. गाणं खरं सुधारलं ते त्याच्या आईमुळे, आणि तिला माहीत पण नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. आमच्याकडे बहुतेक बायका त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहितात, सिलेंडर कधी लावला ते लिहितात, आणि ज्या दिवशी नळ आला त्या चौकोनात 'पाणी' लिहितात, म्हणजे पुढची पाळी मोजता येते. पोरानं भिंतीवरचं आणि खिळ्याला मागं अडकवलेलं गेल्या वर्षीचं अशी दोन्ही कालनिर्णयं खाली काढली आणि मागच्या बारा महिन्यांतले 'पाणी' मोजले. ४१ भरले. आणि पाणीपट्टी तर पूर्ण वर्षाची, त्याची पावती पण तिथंच डब्यात. तिथून ती ओळ आली:

"पट्टी भरी बारा महिनानी, पानी उनं चाळीस दिन."

'उनं' म्हणजे आलं. एक दिवस कमी केला कारण चाळीस बीटवर बसतं. बाकी गाणं मी इथं देत नाही, त्यात नऊ दिवसांचा एकेक हाल आहे, पहिल्या दिवशी आंघोळ, चौथ्या दिवशी फक्त तोंड, सातव्या दिवशी शेजारणीशी भांडण असं. संपूर्ण अहिराणीत. मोबाइलवाल्यानं त्याच्या आजोबाचा डफ रेकॉर्ड करून बीटमध्ये घातला, आजोबा वहीगायनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकगाण्यांच्या, मेळात वाजवायचे. हे पण मला पटलेलं. लोक म्हणतात रॅप हे बाहेरचं फॅड, अरे कलगी-तुऱ्यात काय होतं, समोरासमोर दोन फड, सवाल-जवाब, रात्रभर एकमेकाला शब्दात पकडायचं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, हे सगळे लोकांना गाण्यातूनच राजकारण सांगत होते ना. फक्त आमच्या पिढीत मध्ये गॅप पडली आणि लग्नात डीजेवर नाचणं एवढंच उरलं.

गाणं १५ ऑगस्टच्या आसपास टाकलं. चार-पाच दिवस काही नाही. मग कोणीतरी तेवढीच एक ओळ कापून स्टेटसला ठेवली आणि पोळ्यापर्यंत गावातल्या निम्म्या फोनवर होती. गणपतीत मंडळांनी डीजेवर लावलं. माझ्या दुकानात साठीची बाई फॉर्म भरता भरता गुणगुणत होती, तिला रॅप म्हणजे काय माहीत नाही, ती म्हणे ते पाण्याचं गाणं.

इथं मला थांबून एक सांगायचंय कारण सगळ्या प्रकरणाचा जीव इथंच आहे. ती ओळ चालली ती राग होता म्हणून नाही. चालली कारण ती घरात जाऊन तपासता येत होती. प्रत्येक बाईनं ओळ ऐकली आणि आपल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून मोजलं. कोणाचे ३८ भरले, कोणाचे ४३. एका मावशीचे तर ७०च्या वर भरले आणि तिला गल्लीतल्या बायकांनी विचारलं तुम्ही कोणत्या भागात राहता गं. मग बोलणं सुरू झालं. इतके दिवस पाणी कमी आहे असंच सगळे धरून चालले होते, काही भागांना जास्त जातंय ही शंका पहिल्यांदा तेव्हा आली.

मोर्चा आणि मग कागद

हंडा मोर्चा आमच्याकडे दर वर्षी निघतो. ठरलेला कार्यक्रम. कोणत्या तरी पक्षाचा माणूस पुढं, पन्नास बायका, गेटवर दोन मडकी फोडायची, निवेदन द्यायचं, फोटो, घरी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विसर्जन झाल्यावर जो निघाला त्यात दोन फरक होते. एक तर कोणी पुढं नव्हतं, म्हणजे पुढारी आले पण बायका घोषणा त्यांच्या देईनात, ती चाळीस दिनची ओळच म्हणत होत्या आणि पुढाऱ्याला ती ताल धरून म्हणता येईना. आणि दुसरं म्हणजे पंधरा-वीस बायकांच्या हातात मडक्याऐवजी कालनिर्णय होतं. साहेब त्या दिवशी ऑफिसात होते, बाहेर आले, म्हणाले आमच्या रेकॉर्डप्रमाणे पाणी सहाव्या दिवशी जातं. एका बाईनं कालनिर्णय समोर धरलं, साहेब म्हणाले हे काय सरकारी कागद आहे का.

ते वाक्य त्यांना महागात पडलं. सरकारी कागद पाहिजे ना, मग सरकारी कागद मागू, असं तिथंच कोणीतरी म्हणालं.

माहिती अधिकाराचा अर्ज माझ्याच दुकानात लिहिला गेला. कायदा २००५ चा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसात द्यावं लागतं, हे मी पोरांना सांगितलं तर मोबाइलवाला म्हणे फक्त दहा रुपये? बीटला यापेक्षा जास्त लागले. आधी त्यांनी अर्जात पण यमक जुळवायचा प्रयत्न केला होता, मी फाडून टाकला. साधं लिहायला लावलं: मागील बारा महिन्यांचे पाणीपुरवठा सोडल्याचे रजिस्टर, भागनिहाय, तारीख व वेळेसह, प्रमाणित प्रतीत. एवढंच. जास्त लिहिलं की त्यांना टाळायला जागा मिळते. अर्ज आईच्या नावानं केला कारण पोरगं तेव्हा नुकतंच अठराचं झालेलं आणि घरच्यांना भीती.

उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. रजिस्टरप्रमाणे त्यांच्या भागाला वर्षात ५८ वेळा पाणी सोडलं. कालनिर्णयात ४१. म्हणजे १७ वेळा पाणी रजिस्टरमध्ये आलं आणि नळाला आलं नाही. त्यातला एक दिवस २ ऑगस्टचा, कानबाईच्या आदल्या दिवसाचा शनिवार, ज्या दिवशी पंपच बंद होता. आणि तीन भाग असे निघाले की ज्यांना दर चौथ्या दिवशी. ते भाग कोणते, तिथं कोण राहतं, हे मी लिहित नाही, गावातल्याला विचारा, तो सांगेल.

आता निवडणुकीचं

सप्टेंबरमध्येच अजून एक गोष्ट झाली. गाण्याच्या शेवटी पोरगं दोन ओळी बोलतं, मतदार यादीत नाव टाका, पुढचा नगरसेवक आपण निवडू अशा अर्थाच्या. त्याला ते कुठून सुचलं तर आफ्रिकेतल्या सेनेगल देशावरून. व्हिडिओ बघत बसतो दिवसभर. सेनेगलमध्ये जानेवारी २०११ ला काही रॅपर आणि पत्रकारांनी 'यां आ मार' म्हणून ग्रुप काढला, अर्थ होतो आता बास, कंटाळलो. कारण काय तर लाइट. तासन् तास लाइट जायची. ते गाणी म्हणून थांबले नाहीत, वस्त्या-वस्त्यांत जाऊन पोरांची मतदार नोंदणी करत फिरले आणि २०१२ च्या निवडणुकीत अध्यक्ष अब्दुलाय वाद पडले. हे सगळं त्या एका ग्रुपमुळे झालं असं नाही, पण त्यांचा वाटा कोणी नाकारत नाही. आणि काठमांडूचा बालेन शाह तर पोरांचा देवच, रॅपर माणूस, मे २०२२ ला अपक्ष उभा राहून महापौर झाला. मोबाइलवाला त्याच्यासारखा काळा गॉगल पण घालायला लागला होता. मी म्हणलं तो इंजिनियर पण आहे, ते बघ आधी.

तर फॉर्म ६. नवीन नाव टाकायचा. एरवी माझ्याकडे आठवड्यात एखाद-दुसरा येतो. त्या महिन्यात संध्याकाळी दुकानासमोर पोरांची लाइन, मोबाइलवर गाणं चालू, हातात आधार आणि फोटो. पोरीपण आल्या, हे विशेष, कारण लग्नानंतर नाव तिकडे जाणारच म्हणून घरचे इकडे टाकतच नाहीत. मला पण बरं वाटत होतं. मी प्रत्येकाला सांगत होतो की डिसेंबरपर्यंत कार्ड येईल, मतदान करशील.

आणि मी चुकीचं सांगत होतो.

नगरपालिकेच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही, विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागात फोडतात. आणि ती यादी कोणत्या तारखेची, तर १ जुलै २०२५ ची. म्हणजे १ जुलैला ज्याचं नाव होतं तोच मतदार. आमचं गाणंच ऑगस्टमध्ये आलं. ८ ऑक्टोबरला प्रारूप याद्या लागल्या, हरकतीची मुदत वाढवून १७ पर्यंत दिली, आम्ही नाचत गेलो की राहिलेली नावं टाका, तर तिथं सांगितलं की इथं नवीन नाव टाकता येत नाही, फक्त प्रभाग चुकला असेल किंवा लिहिण्यात चूक असेल तर दुरुस्ती. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. चूक माझी होती, वीस वर्षं फॉर्म भरतोय आणि मला हे माहीत नाही. पोरांनी मला काही म्हणलं नाही, पण दोन-तीन दिवस दुकानावरून जाताना कोणी थांबत नव्हतं.

सेनेगलच्या पोरांनी एक वर्ष आधी सुरू केलं होतं, तो फरक मला तेव्हा कळला. गाण्याला टाइमटेबल नसतं पण मतदार यादीला असतं. अमेरिकेत २००४ ला रॅपर डिडीनं 'व्होट ऑर डाय' म्हणून मोठी मोहीम काढली होती, टी-शर्ट, स्टार लोकं, आणि निवडणूक झाल्यावर सगळं थंड. नोंदणीचं काम कोणी तरी वर्षभर करत बसावं लागतं, ते टी-शर्टवर छापता येत नाही.

दुसरं गाणं आणि ठाणं

रजिस्टर आल्यावर दुसरं गाणं निघालं, दिवाळीच्या आधी. यात भागांचे नंबर होते. कोणत्या भागाला किती दिवस, सरळ. नाव कोणाचंच नाही. पोराच्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "गानं म्हन, पन कोनं नाव लेजो नको भाऊ." तिला राज मुंगासेचं माहीत होतं. एप्रिल २०२३ मध्ये संभाजीनगरच्या त्या पोरानं खोक्यांवर रॅप केला आणि अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडेवर पण. टीव्हीवर बघितलेलं तिनं. गल्लीतल्या गाण्यापर्यंत ही बातमी कशी पोचते बघा, एकाला उचललं की शंभर घरात आया पोरांना सांगायला लागतात.

नाव नव्हतं तरी बोलावणं आलंच. कोणाचा तरी अर्ज गेला होता की गाण्यामुळे दोन भागांत तेढ निर्माण होते. मी आणि बारावीवाल्याचा काका सोबत गेलो. मारहाण नाही, दमदाटी नाही, चहा पण पाजला, खोटं कशाला बोलू. पण जबाब लिहिणाऱ्याची पंचाईत झाली. गाणं अहिराणीत, जबाब लिहायचा शासकीय मराठीत. तो म्हणे एकेक ओळ सांग आणि अर्थ सांग. पोरगं ओळ म्हणायचं आणि तो लिहायचा, 'सदर गाण्यामध्ये प्रभागातील पाणीपुरवठा अनियमित असल्याचे नमूद आहे.' पुढची ओळ, 'सदर गाण्यामध्ये इतर भागास दर चौथ्या दिवशी पाणी मिळत असल्याचे नमूद आहे.' दोन पानं अशी भरली आणि मग लिहिणारा स्वतःच थांबून वरच्या साहेबाकडे बघायला लागला की यात आहे काय. आकडे कुठून आणले विचारलं तर पोरानं पालिकेच्या शिक्क्याच्या प्रती काढून ठेवल्या. समज देऊन सोडलं. अमेरिकेत १९८९ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपच्या पोलिसांवरच्या गाण्यावरून एफबीआयच्या अधिकाऱ्यानं त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं होतं, त्या पत्रामुळेच गाण्याची जास्त जाहिरात झाली. आमच्याकडे उलट झालं. गाणं खाली काढा असं ठाण्यात कोणी म्हणलं नव्हतं, पण पोरांनी घरी येऊन स्वतःच दुसरं गाणं काढून टाकलं. भीती अशीच काम करते, तिला हुकूम लागत नाही. फोनमध्ये ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे आहे अजून.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये आचारसंहिता लागली, २ डिसेंबरला मतदान ठरलं, आणि उमेदवार पोरांच्या खोलीच्या पायऱ्या चढायला लागले. हे पण मी सांगणार कारण याशिवाय प्रकरण अर्धं राहील. सगळ्यांना 'त्या पोरांचं' गाणं पाहिजे. हमालाच्या पोरानं घेतलं काम. दोन उमेदवारांची गाणी केली, एकाच प्रभागातले, एकमेकाच्या विरोधातले, बीट पण तोच, फक्त भाऊंचं नाव बदललं. आणि त्यातल्या एकाच्या गल्लीत पाणी चौथ्या दिवशी जातं. बारावीवाल्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं. मला विचाराल तर मी हमालाच्या पोराला नावं ठेवणार नाही. बापाच्या पाठीत मणक्याचा त्रास, जिनिंगचा सीझन लेट, आणि पोराला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कलेचे पैसे मिळाले. शाहीर लोकांना पण बिदागी लागायचीच ना. पण हे पण खरं की त्या रिक्षा भोंगे लावून फिरायला लागल्या आणि दहा दिवसांत डफाचा तो बीट ऐकला की लोकांना पाणी आठवायचं बंद झालं, उमेदवार आठवायला लागला. पोलिसांनी बंद केलं असतं तर गाणं टिकलं असतं कदाचित. विकत घेतल्यावर ते साधं प्रचाराचं झालं.

मतदानाच्या दिवशी बारावीवाला आईला घेऊन केंद्रावर गेला. त्याच्या खिशात नवीन कोरं मतदार कार्ड, नुकतंच आलेलं, कारण फॉर्म ६ मंजूर झाला होता, पुढच्या विधानसभेला चालेल ते. यादीत नाव नाही हे माहीत असून पण तो लाइनीत उभा राहिला, आतल्या माणसानं यादी बघितली, नाही म्हणाला, हा बाहेर आला. आईनं मत दिलं. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो कोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरला गेला. तो कसा लागला त्याचा आणि गाण्याचा संबंध जोडायला मी धजत नाही, जात, नातं, पैसा, पक्ष, एवढ्या गोष्टी असतात.

पाणी सुधारलं का हा सगळ्यात पहिला प्रश्न लोक विचारतात. सुधारलं, नवव्याचं सहाव्या-सातव्या दिवसावर आलं. पोरं म्हणतात गाण्यामुळे. पण ऑक्टोबरातच जॅकवेलचा नवा पंप बसला, तो आधीच मंजूर होता, टेंडर जुनं होतं. त्याचं श्रेय गाण्याला देणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला म्हणण्यासारखं. कोडाईकनालचं उदाहरण मी पोरांना देतो, २०१५ ला सोफिया अश्रफचा रॅप आला थर्मामीटर कारखान्याच्या पाऱ्याच्या प्रदूषणावर, जगभर गाजला, आणि मार्च २०१६ ला कंपनीनं ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. पण कारखाना बंद झाला होता २००१ ला, आणि तेव्हापासून ते कामगार कागद घेऊन भांडतच होते. गाण्यानं शेवटचा धक्का दिला, गाडी पंधरा वर्षं दुसरेच ढकलत होते.

गाण्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकतो ते थोडंच आहे. वॉलमन आता आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकतो उद्या कोणता भाग, आणि पंप बंद असेल तर ते पण टाकतो. पालिकेच्या भिंतीवर भागनिहाय वेळापत्रक लागलंय. आणि आमच्या काउंटरवर बायका माहिती अधिकाराचा फॉर्म असा मागतात जसा रेशनचा मागतात, मागच्या आठवड्यात एकीनं अंगणवाडीच्या खाऊचं रजिस्टर मागितलं.

त्या १७ दिवसांच्या फरकाबद्दल आईच्या नावानं पहिलं अपील केलंय. साहेब लोक निवडणुकीच्या ड्युटीवर होते म्हणून सुनावणी लांबली, आता तारीख मिळालीय. पुरावा म्हणून कालनिर्णय चालेल का माहीत नाही, पण नेणार आहेत. अडचण एवढीच की नवीन वर्ष लागलं की जुनं कालनिर्णय रद्दीत जातं, म्हणून बारावीवाल्यानं स्टेटस ठेवलंय, गाणं नाही, साधं अहिराणीत लिहिलंय की २०२५ नं कालनिर्णय कोनी फेकानं नई, सुनावणीले लागनार शे. माझ्या दुकानात आतापर्यंत अकरा जमा झालेत. एकावर दुधाचा हिशोब असल्यानं ती बाई म्हणे झेरॉक्स काढून घ्या, ओरिजिनल मी देणार नाही.